खालचा ओठ, डावी बाजू

जर्मनीतल्या मराठी माणसांचे दात वर्षातून एकदाच दुखतात, असं एखाद्या जर्मन माणसाला वाटू शकेल. कारण बाकीचे अकरा महिने आम्ही त्यांना दुखू देत नाही. लवंग, मिठाचं कोमट पाणी, आयबुप्रोफेन आणि "डिसेंबरात इंडियाला जातोच आहोत, तेव्हा बघू" ही आमची औषधं. इंगोलश्टाटमधल्या आमच्या ग्रुपात सगळे हेच करतात. गाड्यांच्या कारखान्यात, नाहीतर त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत काम करणारी ही शिकलेली माणसं. मशीनचं सर्व्हिसिंग एक दिवस लांबलं तर तिखट मेल लिहितात, पण दाढ मात्र पुण्याची वाट बघत बसते. चष्मा, ब्लाउज, रक्ततपासणी आणि दाढ ही कामं सुट्टीत, लग्नं आणि केळवणं सांभाळून उरकायची असतात. इथं डॉक्टरांची टेरमीन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळता मिळत नाही आणि तिथं काय, आपला माणूस असतो. हे "आपला माणूस" प्रकरण मला हल्ली ऐकवत नाही.

माझी दाढ खालची, डावीकडची. शरद ऋतूत ठणकायला लागली. इथल्या डेंटिस्टने एक्स-रे काढला आणि दाताच्या आतली नस गेली आहे, रूट कॅनल लवकर करून घ्या, असं सांगितलं. मी म्हटलं, "उरलाउबनंतर बघते." सुट्टीवर जाणाऱ्या माणसाला इथं कोणी अडवत नाही, सुट्टी हा इथला धर्म आहे. त्याने मान हलवली आणि मी लवंगा चघळत डिसेंबर गाठला.

पुण्यातला आमचा माणूस म्हणजे माझ्या नवऱ्याचा आतेभाऊ. त्याचा दवाखाना सासरच्या घरापासून चालत जाण्यासारखा. मनाने अतिशय चांगला. हे मी टोमण्याने म्हणत नाहीये, तो खरंच चांगला आहे आणि त्यामुळेच पुढे सगळं अवघड झालं. त्याने बाकीचे पेशंट थांबवून मला आत घेतलं, पहिल्या दिवशी दात उघडला, मग एका नात्यातल्या लग्नापायी दोन वेळा माझं दवाखान्यात जाणं राहिलं. शेवटची बैठक आली ती निघायच्या दिवशी. संध्याकाळी गाडी मुंबईच्या विमानतळाकडे निघणार, बॅगा दारात उभ्या, सासूबाई चकल्यांचा डबा कुठल्या बॅगेत बसेल ते बघतायत, आणि मी दुपारी त्या खुर्चीत तोंड उघडून.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "आज कॅनल भरून टाकतो. कॅप पुढच्या वर्षी आलात की."

इंजेक्शन दिलेलं होतं. तरी तो आतलं औषध दाबून भरत असताना एक कळ जबड्यातून ओठापर्यंत सणकन गेली. चुकून उघड्या वायरला हात लागला की जातो तसा झटका. मी हात वर केला. तो म्हणाला, "झालं वहिनी, एवढंच." आणि खरंच झालं होतं. मला मात्र ते कळायला बरेच दिवस लागले.

बधिरपणा दोन-तीन तासांत उतरेल, असं तो म्हणाला होता. द्रुतगती महामार्गावर चहाला थांबलो तेव्हा चहा हनुवटीवरून ओघळून कुर्त्यावर सांडला आणि आम्ही सगळे हसलो. माझी मुलगी तर इतकी हसली की तिला ठसका लागला. विमानात जेवण आलं तेव्हाही ओठ तसाच. नवरा म्हणाला, "वहिनी म्हणून जास्तच दिलेलं दिसतंय इंजेक्शन." मलाही तेच पटलं. घरच्या माणसाने प्रेमाने चार थेंब जास्त घातले असतील, वरणावरच्या तुपासारखे. म्युनिकला उतरलो, घरी आलो, हीटर चालू केला, बॅगा तशाच टाकून झोपलो. दुसऱ्या दिवशी ऑफिस, मुलीची शाळा, धुण्याचे ढीग. ओठ झोपलेलाच. प्रवासाचा शीण असेल, थंडी असेल, असं मी स्वतःला सांगत होते. ज्या बाईला ऑफिसात पगार मिळतो तो बिघडलेल्या पार्टचं खरं कारण शोधायचा, तिने स्वतःच्या तोंडासाठी ही कारणं पुरेशी मानली.

शेवटी पुण्याला फोन केला. "होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "बी-कॉम्प्लेक्स घ्या, वाट बघा." मी घेतलं. वाट बघितली.

जेव्हा इथल्या डेंटिस्टकडे गेले तेव्हा त्याने माझ्या हनुवटीवर कापसाचा बोळा फिरवला, मग एक टोकदार वस्तू टेकवली आणि सरळ टेबलाशी जाऊन उबरवायझुंग लिहायला बसला, म्हणजे जबड्याच्या सर्जनसाठी चिठ्ठी. सर्जनने थ्री-डी स्कॅन काढला. पडद्यावर माझा जबडा आडवा, उभा, हवा तसा फिरवून दाखवला. खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो आणि त्यातून ओठाला नि हनुवटीला स्पर्श कळवणारी नस जाते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्या दाढेची मुळं त्या बोगद्याच्या छताला टेकलेली होती. आणि बोगद्याच्या आत, जिथं काहीच असायला नको होतं तिथं, पांढरा रंग सांडल्यासारखा पसरला होता. दाढ भरायचं औषध मुळाच्या टोकातून बाहेर पडून थेट नसेवर जाऊन बसलं होतं.

"हे कधी झालं?" सर्जनने विचारलं.

मी सांगितलं. विमानाचंही सांगितलं.

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग शांतपणे म्हणाला की असं झालं तर पहिल्या एक-दोन दिवसांत ते औषध काढून नस मोकळी करायचा प्रयत्न करता येतो, तेव्हा आशा बरी असते. आता इतक्या उशिरा तिथं हात घातला तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. गोळ्या देतो, थांबू या. काहींची नस हळूहळू परत येते, वर्षही लागतं, त्याहून जास्तही. काहींची येत नाही. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो नम्र होता, आणि मी त्याच्या नम्रपणापुढे रडायलाही लाजले.

म्हणजे ज्या वेळात काही करता आलं असतं तो वेळ मी कुठे घालवला? खंडाळ्याच्या घाटात, चेक-इनच्या रांगेत, समुद्रावरून उडताना एक पिक्चर बघत, आणि मग घरी येऊन झोपेत. इंजेक्शन उतरायची वाट बघत. इंजेक्शन कधीच उतरलेलं होतं.

ओठाचं काय एवढं, असं लोकांना वाटतं. मलाही वाटलं असतं. बाहेरून काही दिसत नाही, ओठ हलतो, बोलता येतं, चव कळते. फक्त डाव्या कोपऱ्यापासून मधोमध एका रेषेपर्यंत, आणि खाली हनुवटीवर, मी नाही. तिथं भाताचं शीत चिकटतं आणि मला पत्ता नसतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये समोरचा जर्मन सहकारी माझ्या डोळ्यांत बघायचं टाळून ताटाकडे बघायला लागला की मी ओळखते आणि रुमाल फिरवते. दिवसातून कितीदा फिरवते याला गणती नाही, हनुवटीची कातडी सोलवटली आहे. चहा किती गरम आहे ते ओठाच्या उजव्या कोपऱ्याने चाखायचं. एकदा ओठ चावला गेला, रक्त आलं, तेही मुलीनेच सांगितलं. ती मराठी सगळं समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. "मामा, डा," एवढंच म्हणते, म्हणजे आई, तिथं लागलंय, आणि स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून जागा दाखवते. आधी ती हसून दाखवायची. आता हसत नाही, घाईघाईने दाखवते, कोणी बघायच्या आत. सात-आठ वर्षांच्या पोरीला आईची लाज झाकायची सवय लागली, याचा मला त्या ओठापेक्षा जास्त त्रास होतो.

आणि नवरा. त्याच्याबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. तो जवळ आला की मला अर्धाच कळतो. त्याला ते ठाऊक आहे. तो काळजी घेतो, आणि काळजी घेतलेली कळते, हेच तर सगळ्यात वाईट.

मी चिडले. खूप चिडले. पण चिडायचं कोणावर? सासूबाईंना फोनवर म्हटलं, "अहो आई, त्यांनी आधी नीट फोटो काढून नस कुठं आहे ते बघायला नको होतं का? मी हात वर केला तेव्हा तरी थांबायचं होतं."

मग त्या म्हणाल्या, "खरं आहे गं बाई तुझं. पण आपलेच दात नि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं?"

त्या मुद्दाम नव्हत्या बोलल्या, लहानपणापासून तोंडात बसलेली म्हण आली एवढंच. मला हसूही आलं नाही. पुण्याचा आतेभाऊ काही दिवस विचारपूस करायचा, मग नुसते सणावारी शुभेच्छांचे मेसेज यायला लागले, मग तेही बंद. मला त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते. तो लग्नकार्यात माझ्यासमोर आला तर काय करेल, हे मला माहीत आहे. पुढे होऊन माझ्या ताटात वाढायला घेईल.

इथल्या ग्रुपातून उपाय आले. अक्रोड खा, ॲक्युपंक्चर कर, एकाच्या काकांचं असंच होतं, ते सहा महिन्यांत बरे झाले. नसा वाढतात हो, झाडाच्या मुळांसारख्या. मी सगळं केलं. रोज आंघोळीनंतर आरशासमोर टिश्यूचं टोक ओठावर फिरवायचं आणि काही कळतंय का बघायचं. काही दिवशी वाटायचं, कळतंय. मुंग्या आल्यासारखं, कोणीतरी दुसऱ्या खोलीत बोलत असल्यासारखं. मी सगळ्यांना सांगायला लागले, "येतंय, थोडं थोडं येतंय." ते सांगितलं की समोरच्याचा चेहरा सैल व्हायचा, म्हणून मी आणखी सांगायचे. सर्जनकडे तपासणीला गेले की तो डोळे मिटायला लावून कापूस टेकवायचा आणि विचारायचा, आता? आणि मी "जा" म्हणायचे, जर्मनमधलं "हो". काही वेळा बरोबर यायचं, काही वेळा नाही. "तर मग, थोडी सुधारणा दिसते," तो लिहून घ्यायचा. मी बसमध्ये ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवत घरी यायचे.

अशी दोन वर्षं गेली असतील आणि उजवी दाढ दुखायला लागली. खालचीच.

तेव्हाची भीती मी कोणाला सांगू शकले नाही. डावीकडे जे होतं ते झालं होतं. पण उजवा अर्धा ओठ एवढीच माझी शिल्लक होती. चहाचा चटका कळायचा तो तिथं, मुलीचा गाल कळायचा तो तिथं. या वेळी लवंग नाही की डिसेंबर नाही. मी दुसऱ्याच दिवशी डेंटिस्टच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, उपटून टाका. तो म्हणाला, उपटतानाही नसेला धक्का लागू शकतो, शिवाय दात वाचण्यासारखा आहे. त्याने मला म्युनिकच्या एका बाईंकडे पाठवलं, ज्या फक्त रूट कॅनलच करतात, दुसरं काही नाही.

त्या बाईंनी दाताला हात लावायच्या आधी थ्री-डी स्कॅन काढला. उजवीकडे मुळं आणि नस यांच्यात हाडाची चांगली जाड भिंत होती. ती त्यांनी मला मोजून दाखवली. माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि मग प्रत्येक पायरी आधी सांगून, मी मान हलवल्यावरच केली. दाताभोवती रबराचा पडदा ताणला, म्हणजे लाळेतले जंतू आत जाणार नाहीत आणि औषध घशात उतरणार नाही. वरून मायक्रोस्कोप आणला, कारण दाढेत एखादा कॅनल लपलेला असतो आणि तो राहिला की वर्षा-दोन वर्षांनी तिथंच पू होतो. ओठाच्या कोपऱ्यात एक बारीक हूक अडकवला आणि त्याची वायर एका छोट्या यंत्राला जोडली. सुई मुळाच्या टोकाजवळ पोचत आली की ते यंत्र आवाज करतं, आवाज भरभर व्हायला लागला की थांबायचं. भरतानाही त्यांनी दाबलं नाही, मध्येच थांबून एक्स-रे काढून बघितला. मी हात वर केला नव्हता, तरी दोनदा विचारलं, "आलेस गुट?" सगळं ठीक ना?

मी त्या पडद्याखाली पडून तो आवाज ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात जात होतं. बाईंना वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. हे सगळं होतं, एवढंच मला कळत होतं. त्या दिवशीही होतं. जर्मनीतच होतं असं नाही, पुण्यातही होतं. आमच्या सासरच्या घरापासून दोन गल्ल्या पुढे एक दवाखाना आहे, तिथं असाच स्कॅन आणि असंच यंत्र आहे, हे मला नंतर नणंदेने सांगितलं. पण तिथं आपला माणूस नव्हता, आणि विमान संध्याकाळचं होतं. बैल गेला नि झोपा केला, अशी माझी गत. फरक एवढाच की दुसरा बैल अजून दावणीला होता.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. इंजेक्शनने उजवी बाजू बधिर होती, अर्धी जीभ जड. बाहेर बिअरसाठी लावलेल्या हॉप्सच्या वेलींचे उंच खांब मागे जात होते. मी सवयीने ओठावरून बोट फिरवलं आणि थबकले. मधली रेष नव्हती. दोन वर्षं ओठाच्या बरोबर मध्यावर एक कडा होती, जिथं मी संपायचे. ती गेली होती. डावं आणि उजवं सारखं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ओठ होता, बधिर, पण अख्खा. मला इतकं बरं वाटलं की समोरच्या म्हाताऱ्या बाईंकडे बघून मी हसले. ते हसू वाकडं होतं का सरळ, याचा विचारही मनात आला नाही.

मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात यायला लागली, आणि मी ती लक्षात न घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. उजवीकडे इंजेक्शन होतं, म्हणजे तिथं शून्य होतं. आणि डावीकडे त्याच्याहून तसूभरही जास्त नव्हतं. ते थोडं थोडं, त्या मुंग्या, दुसऱ्या खोलीतलं बोलणं, काही काही नव्हतं. असतं तर फरक कळला असता.

घरी पोचले तेव्हा नवरा घरी लवकर आला होता, मुलगीही शाळेतून आलेली. दोघं स्वयंपाकघरात माझ्याभोवती बसून राहिले. भीती तिघांनाही एकच होती. नवऱ्याने गुरगुट्या भात लावला. कुकर निवत होता तेव्हा उजव्या कोपऱ्यात मुंग्या आल्या. खऱ्या मुंग्या, टोचणाऱ्या, ओळख पटवून द्यावी न लागणाऱ्या. मग हनुवटी. मग मी ओठाला पाण्याचा ग्लास लावला आणि काच गार लागली.

"आलं," मी म्हटलं.

नवऱ्याने ओट्याला हात टेकून डोळे मिटले. मुलगी टाळ्या वाजवून नाचली आणि म्हणाली, आपण डॉक्टर-डॉक्टर खेळू, मी टेस्ट करते, तू डोळे मीट, मी बोट लावलं की "जा" म्हण. मला खेळायचं नव्हतं. पण तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा खुलला होता.

मी डोळे मिटले. उजव्या ओठावर तिचं बोट टेकलं, ओलं, साबणाच्या वासाचं. "जा," मी म्हटलं. हनुवटीच्या उजव्या बाजूला. "जा." ती खुदकन हसली. मग ती थांबली. मी तिची वाट बघत राहिले. मला वाटलं, ती कुठं लावायचं ते ठरवतेय, नाहीतर दमली, नाहीतर मला फसवायला मुद्दाम उशीर करतेय.

"लाव की गं," मी म्हटलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "इश बिन डॉख शोन डा."

मी तर कधीची तिथंच आहे.